मागची रांग

पौष शुद्ध ३, शके १८५१

आश्रुबा बहुरूपी आज पालीत आहे. पालीच्या पाटलांनी माणूस पाठवून तसे कळवले. रिवाजाप्रमाणे त्याने आल्याबरोबर चावडीत नाव लावले. काल वैद्याचे सोंग आणले, आज टपालवाल्याचे आणले. मी ही बातमी दुपारी तहसीलदारसाहेबांना दिली. साहेब म्हणाले, "धरून आणू नका. बोलावून आणा."

माघात हैदराबादेहून बडे साहेब शिकारीला येणार आहेत. मुक्काम उंबरडोहाच्या डोंगरात, बारा दिवस. आसपासच्या पाच गावांनी ओरडून जनावर उठवणारे दोनशे हाकारे, चाळीस गाड्या, गवत, दूध आणि कोंबड्या द्यायच्या आहेत, आणि मोबदला काही नाही. त्याच दिवसांत ज्वारी काढणीला येते. मागच्या खेपेला दवंडी पिटली तेव्हा लोक मेंढरे घेऊन डोंगरात निघून गेले. साहेबांचे म्हणणे असे की लोक दवंडीपासून पळतात आणि बहुरूप्याकडे धावतात, तर मग सरकारचा हुकूम बहुरूप्याच्याच तोंडून जाऊ द्यावा.

माझ्याकडे दोन कामे आहेत. जाहीरनामा लिहायचा, आणि बहुरूप्याबरोबर हिंडून लोक काय करतात त्याचा अहवाल द्यायचा. शिपाई धोंडीरामला एकदा असेच पाठवले होते. तो हसत परत आला आणि काय घडले ते त्याला सांगता येईना. साहेब म्हणाले, "बद्रीनाथ, वर्षभरात तुम्हाला हसताना मी पाहिले नाही. तुम्हीच जा."

कामाची टिपणे ठेवायला ही वही काढली. कोरीच पडून होती. पहिल्या पानावर पाच वेळा 'ग' गिरवलेला आहे. ते पान सोडून दुसऱ्यापासून लिहितो आहे.

पौष शुद्ध ४

जाहीरनामा लिहिला. साहेबांनी तोंडी सांगितले ते एवढेच : लोकांना ही वेठ वाटू नये, बहुमान वाटावा. बाकीचे मी घातले. लोकांची फसगत होऊ नये म्हणून जे खरे आहे ते सगळे लिहिले. नक्कल इथे ठेवतो.

"शिकारीच्या मुक्कामी काम करणे ही वेठ नसून बहुमान आहे. बहुमान प्रत्येक घरास सक्तीचा आहे. ज्यास बहुमान नको असेल त्याने अर्ज द्यावा. अर्ज नामंजूर होईल. ज्या घरी कोंबडी असेल त्या घराने ती स्वखुशीने आणावी. स्वखुशी नसल्यास शिपाई येऊन कोंबडी घेऊन जाईल. हाकाऱ्यास गेलेल्या माणसाच्या अंगावर वाघ आल्यास त्याने ओरडू नये. साहेबांचा नेम चुकतो. स्वागताच्या वेळी रयतेने आनंदी दिसावे. ज्यांना आनंद होत नसेल त्यांनी मागच्या रांगेत उभे राहावे."

शेवटचे वाक्य साहेबांना विचारून घातलेले नाही. ज्यांच्या घरी काही झालेले असेल त्यांना सरकारी मोटारीपुढे उगाच तोंड करावे लागू नये, एवढाच हेतू.

साहेबांनी वरवर चाळून सही केली. ठरल्याप्रमाणे एक नक्कल वर, जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या दफ्तरात पाठवली.

पौष शुद्ध ६

आश्रुबा कचेरीत आला. पन्नाशीचा, काळा, बारीक माणूस. सोंग नसले की लक्षात राहत नाही. त्याला वाचता येत नाही, म्हणून मी जाहीरनामा वाचून दाखवला. त्याने तीनदा वाचायला लावला आणि तिसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकला.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"एकल्यानं?"

"हो."

"यातला एकबी शब्द बदलायचा न्हाई, असाच हुकूम हाय न्हवं?"

"असाच आहे."

"मंग बदलत न्हाई," तो म्हणाला आणि पाया पडला. माझ्या की कागदाच्या, ते कळले नाही.

साहेबांनी त्याला कचेरीतला जुना कोट, पितळी बिल्ल्याचा पट्टा आणि टोपी दिली. कोट अंगात घालताच तो उंच झाल्यासारखा वाटला. धोंडीराम शिपाई खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि मग ओशाळला.

पौष शुद्ध ७

काही नाही. घरी तारा जेवली नाही.

पौष शुद्ध १०

उंबरडोह. माणसे सुमारे तीनशे. आम्ही कचेरीच्या वाटेने आलो म्हणून लोकांना आधी खराच कोणी अंमलदार वाटला, आणि ते उभे राहिले. मग एका म्हातारीने त्याला ओळखले, तरी कोणी खाली बसले नाही.

आश्रुबाने मजकूर म्हटला. एका शब्दाचाही फरक केला नाही. मी कागद हातात धरून ताडून पाहत होतो. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबे आणि लोकांकडे मायेने पाही, एवढेच. पहिल्या वाक्याला कोणी हसले नाही. 'सक्तीचा आहे' याला मागे कोणी तरी खोकले. 'अर्ज नामंजूर होईल' याला धुळाजी धनगर नावाचा मेंढपाळ मोठ्याने हसला आणि मग सगळे हसले.

धुळाजी म्हणाला, "साहेब, अर्ज द्यायचा तर कुठं द्यायचा?"

आश्रुबा गंभीरपणे म्हणाला, "अर्ज नामंजूर होईल."

"न्हाई, पन देऊ कुनाकडं?"

आश्रुबा माझ्याकडे वळला. मी सांगितले की अर्ज कचेरीत सोमवार ते गुरुवार घेतले जातात. याला लोक फारच हसले. का ते कळले नाही, माहिती बरोबर होती.

"आन् माणसानं वरडायचं न्हाई, ते समजलं," धुळाजी म्हणाला. "वाघ वरडला तर?"

आश्रुबाने पुन्हा माझ्याकडे पाहिले. जाहीरनाम्यात वाघाबद्दल तरतूद नाही, असे मी सांगितले. दोन माणसे जमिनीवर बसली.

शेवटच्या वाक्याला मात्र हसणे निराळे झाले. आधी शांतता होती. मग साखराबाई नावाची बाई म्हणाली, "अगं बया, आपल्यासाटीबी जागा ठिवली की सरकारनं!" आणि बायका हसल्या. बराच वेळ हसल्या. काही जणी डोळे पुशीत होत्या.

संध्याकाळी अहवाल दिला : मजकुरात फेरफार नाही, लोक हसले. साहेब म्हणाले, "हसले म्हणजे खूष झाले. उरलेली चार गावेही करा."

घरी ताराला सांगितले. तिने विचारले, "ते लोक कावून हसले?" मी माहीत नाही म्हणालो. ती कडा गावची. तिथे जत्रेत बहुरूपी येत, असे तिने लग्न नवे होते तेव्हा सांगितले होते. आज ते बोलली नाही. पण भाकरी टाकताना म्हणाली, "वाघाबद्दल तरतूद न्हाई."

पौष वद्य ५

पाचही गावे झाली. सगळीकडे तेच. शेवटच्या गावात तर लोकांना मजकूर आधीच पाठ होता. आश्रुबा पहिला अर्धा म्हणे, उरलेला अर्धा लोक म्हणत. एवढा तंतोतंत पाठ झालेला सरकारी हुकूम मी नोकरीत पाहिला नाही. साहेबांना तसे सांगितले. ते समाधानी आहेत.

पौष वद्य १२

ताराने आज गोदीची लाकडी पेटी उन्हात ठेवली, मग पुन्हा आत नेली. उघडली नाही. लेक पटकीने गेली त्याला दीड वर्ष होईल. तेव्हापासून तारा उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. पाणी शेजारच्या भिवराबाई आणून देतात.

मला विशेष काही वाटत नाही. हे लिहिताना वाटेल असे वाटले होते.

माघ शुद्ध ११

आज बडे साहेब आले. जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

मुक्कामाच्या वाटेवरच्या मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, एक मोटारीच्या वाटेलगत आणि एक तिच्या मागे चाळीस पावलांवर. सकाळी पाच गावचे लोक आले. गाड्या आल्या, कोंबड्या आल्या, कोणीही पळाले नव्हते. माणसे दोन हजारांवर असतील. सगळी मागच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. पुढची रेघ मोकळी.

पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून धावत गेले. "पुढे या! हुकूम आहे!"

उंबरडोहाचे शहादेव पाटील हात जोडून म्हणाले, "हुकमापरमानंच हावोत, साहेब. आनंद होत न्हाई त्यानं मागं."

"एकालाही होत नाही?"

"ज्वारी उभी हाय, साहेब."

अमीनसाहेबांनी एकेकाला विचारले. प्रत्येकाने खेद व्यक्त केला. धुळाजी म्हणाला की सकाळपासून प्रयत्न करतो आहे, पण आनंद येईना. लोक गंभीर होते. कोणीही हसले नाही, हे नमूद करतो.

मोटार आली तेव्हा पुढच्या रेघेवर कचेरीचा माणूस म्हणून मी एकटा उभा होतो. बड्या साहेबांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. मी मुजरा केला. नियमाप्रमाणे मीसुद्धा मागे असायला हवे होते, हे मोटार गेल्यावर लक्षात आले.

माघ शुद्ध १४

दोनशे हाकारे तीन दिवस जंगलात चालले. कोणीही ओरडले नाही. विचारले तर म्हणाले, साहेबांचा नेम चुकतो. वाघ उठला नाही. बडे साहेब आज परत गेले. बारा दिवसांचा मुक्काम तीन दिवसांत संपला. लोक ज्वारीला गेले.

माघ वद्य २

आश्रुबाला बाजारात पकडले. अंगावर सरकारी कोट होता. शिपाई धरायला आले तेव्हा लोकांना ते सोंगच वाटले आणि माणसे भोवती जमली. शिपायाने एक तडाखा दिला. लोक हसले. आश्रुबा सरळ उभा राहून म्हणाला, "नाव काय तुमचं? कुनाच्या कचेरीतले?" लोक आणखी हसले. दुसरा दिला. तिसऱ्याला तोंडातून रक्त आले आणि हसणे थांबले. पाठीमागचे काही वेळ हसत राहिले. त्यांना दिसत नव्हते.

मी कापडाच्या दुकानापाशी उभा होतो. काय करावे ते सुचले नाही, म्हणून वेळ लिहून ठेवली. सव्वाअकरा.

माघ वद्य ३

साहेबांनी दार लावून विचारले, "मागच्या रांगेचे वाक्य तुमचे की त्याचे?"

"माझे, साहेब."

"का घातलेत?"

मी कारण सांगितले.  साहेब मऊ आवाजात म्हणाले, "ते त्याने पदरचे घातले, असे लिहा."

मी म्हणालो की नक्कल तालुकदारसाहेबांच्या दफ्तरात आहे. साहेबांनी डोक्याला हात लावला. "इतके नीट काम करायला तुम्हाला कोणी सांगितले होते?"

तेव्हा आता आरोप असा आहे की शब्द सरकारचे होते, पण आश्रुबाने ते सरकारचा कोट घालून अशा रीतीने म्हटले की लोक हसावेत. शाबीत झाल्यास एक वर्षाची कैद. त्याचे दोन दात पडले आहेत. पायाला सूज आहे. या पायाने एक वर्ष तो काढेल असे धोंडीरामला वाटत नाही.

माघ वद्य ५

उंबरडोहात पंधरा जणांच्या जबान्या घेतल्या. सगळ्यांनी एकच सांगितले : कोणी हसले नाही.

"हसलं? आमी? कवा?" धुळाजी म्हणाला.

"तू सगळ्यात आधी हसलास. मी लिहून घेतले आहे."

"मला दमा हाय, मुन्शीजी."

साखराबाईला विचारले तर ती म्हणाली, "आमच्या गावात मोठ्या दुस्काळापासनं कुनी हसलं न्हाई. माज्या सासूनंबी पाह्यलं न्हाई. लिवून घ्या."

लिहून घेतले. निघताना शहादेव पाटील गाडीपर्यंत आले. "म्हाताऱ्याला काय होनार न्हाई न्हवं? आमी पाची गावांनी ठरीवलंय. कुनीबी, कदीबी, हसलो म्हनून सांगायचं न्हाई."

त्यांना वाटते की न हसल्याने तो सुटेल.

माघ वद्य ७

कोठडीत आश्रुबा अजून कोट उतरवत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायांना पट्टे नीट बांधायला सांगतो, दाराची कडी तेल मागते म्हणतो. धोंडीरामने काल कडीला तेल घातले. बहुरूप्यांची रीत अशी की सोंगाची बिदागी मिळाल्याशिवाय सोंग उतरवायचे नाही, आणि या सोंगाची बिदागी त्याला मिळालेली नाही. साहेबांनी द्यायची होती. आता कोण देणार?

घरी हे सांगितले. तारा उठली आणि मूठभर ज्वारी फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवली. "देऊन या."

"हे सोंग सरकारचे होते. आपण कसे देणार?"

"तुमी लिवलं न्हवं? मंग तुमीच देनं लागता."

माघ वद्य ८

ज्वारी दिली. आश्रुबाने फडके कपाळाला लावले, टोपी काढली, कोट काढून घडी घातली आणि एकदम म्हातारा होऊन भिंतीला टेकला. मी येतो म्हणालो, तर बसा म्हणाला.

"मुन्शीजी, तीस वर्सं झाली सोंगं आनतोय. असा कागद मला कुनी दिला न्हवता. लई ग्वाड लिवलं तुमी."

"त्यात हसण्यासारखे काही नव्हते."

"म्हनून तर." त्याने तोंडातले रक्त पुसले. "आन् तुमचं त्वांड! मी वळून इच्यारायचो आन् तुमी सोमवार ते गुरुवार सांगायचे. मलाच दातावर दात दाबून धरावं लागायचं. सोंगाड्यानं हसायचं नसतंय. हसू येवढं येवढंच असतंय, मुन्शीजी. त्येनं सोता खाल्लं की लोकांला काय उरतंय? त्यो हसला की समदे गप."

मी विचारले की लोक भ्यालेले असतील तर कसे हसतील.

"भेलेलं मानूस तर काठोकाठ भरलेलं असतंय. फकस्त पहिलं कुनी हसायचं, येवढाच सवाल. एक फुटलं की समदे फुटतात."

मग त्याने विचारले, "शेवटचं वाक्य कुनासाटी लिवलंवतं?"

सर्वांसाठी, म्हणालो. त्याने मान हलवली.

माघ वद्य १०

तालुकदारसाहेबांनी कागद वाचले. माझा अहवाल म्हणतो की लोक हसले, आणि पंधरा जबान्या म्हणतात की कोणी हसले नाही. त्यांनी निकाल लावण्याची रीत ठरवली. तोच जाहीरनामा, तेच पाच गावचे लोक, मैदान चुन्याच्या रेघांचे, वाचणारा कारकून बद्रीनाथ. वाचल्यावर लोक हसले तर दोष शब्दांचा : बहुरूपी सुटेल आणि जाब कचेरीने द्यायचा. कोणी हसले नाही तर दोष बहुरूप्याच्या रीतीचा : एक वर्ष. लोकांना ही अट कळू द्यायची नाही, नाही तर ते ढोंग करतील. बाहेर बोलणार नाही, अशी माझ्याकडून शपथ घेतली.

तहसीलदारसाहेबांनी मला खुर्ची दिली. आजवर दिली नव्हती. "मजकूर गोडीने वाचा. हसतमुखाने. सरकारचा शब्द आहे, चेहरा प्रसन्न हवा. कोणी हसले नाही तर वरच्या जागेसाठी तुमचे नाव माझ्या मनात आहे. हसले, तर जाब देणारी कचेरी म्हणजे तुम्ही."

प्रसन्न चेहऱ्याने वाचले तर कोणी हसणार नाही. आश्रुबाने सांगितलेले तेच आहे. साहेबांना ते माहीत नसावे, पण सूचना बरोबर पडते.

माघ वद्य ११

अट ताराला सांगितली, आश्रुबाचे कोठडीतले बोलणेही सांगितले. शपथ बाहेर न बोलण्याची होती. घर म्हणजे बाहेर नव्हे, असे मी मनाशी ठरवले. खरे म्हणजे आधी सांगितले आणि मग ठरवले.

तिने विचारले, "उंबरडोहकरांला कुनी सांगितलं का, हसायचं म्हनून?"

"नाही. त्यांनी तर न हसायचे ठरवले आहे. त्याच्या भल्यासाठी."

ती चुलीत फुंकर घालत राहिली. चूल पेटलेलीच होती.

माघ वद्य १२

उद्या वाचन आहे.

कचेरीतून लवकर आलो. आरशात प्रसन्न चेहरा करून पाहिला. दात दिसतात, बाकी काही होत नाही. दहा-बारा वेळा केले. भिवराबाई पाणी घेऊन आल्या आणि "दाढ दुखती का?" म्हणून विचारून गेल्या.

मग उजेड होता तोवर ओसरीवर बसून जाहीरनामा मोठ्याने वाचला. तारा समोर ज्वारी निवडत होती. चेहरा जमत नाही म्हणून सोडून दिला आणि नेहमी वाचतो तसा वाचला, कचेरीच्या आवाजात. 'अर्ज नामंजूर होईल' याला तिचा हात सुपात थांबला. 'साहेबांचा नेम चुकतो' याला तिने खाली पाहिले. शेवटचे वाक्य वाचले : ज्यांना आनंद होत नसेल त्यांनी मागच्या रांगेत उभे राहावे.

एक आवाज आला. आधी मला वाटले, खोकला आहे. मी पाणी आणायला उठलो तेव्हा दिसले की ती हसते आहे. सूप कलंडले होते, ज्वारी सांडली होती आणि तिला थांबता येत नव्हते. मग पदर तोंडावर घेतला. त्यानंतर ती हसत होती की काय करत होती, ते मला सांगता येणार नाही. खांदे हलत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आपल्यासाटी लिवलंवतं न्हवं हे?"

सर्वांसाठी, म्हणणार होतो. म्हणालो, "हो."

आम्ही दोघांनी सांडलेली ज्वारी वेचली.

नोकरी जाईल, हे मला समजते. त्याचे जेवढे वाटायला हवे तेवढे वाटत नाही. साहेबांनी विचारले तर खरे सांगता येईल : प्रसन्न चेहऱ्याचा प्रयत्न केला, जमला नाही, शेजारीण साक्षीला आहे. उद्या नेहमीसारखा वाचीन. मला दुसरे येत नाही.

लोकांचे मात्र सांगता येत नाही. तालुकदारसाहेब समोर असतील, भोवती शिपाई असतील, आणि शहादेव पाटलांनी पाचही गावांकडून शब्द घेतलेला आहे. दोन हजार माणसे दात दाबून उभी राहतील आणि आश्रुबा त्यांच्या मायेने आत जाईल.

ताराने पेटीतून लुगडे काढून खुंटीवर टाकले आहे. उद्या मीबी येते म्हणाली. दीड वर्षाने उंबऱ्याबाहेर पडते आहे, तेव्हा मी कारण विचारले नाही. मैदानावर चुन्याच्या रेघा तशाच आहेत, लोक मागच्या रेघेवर असतील, तू बायकांबरोबर तिथे उभी राहा, असे सांगितले. ती म्हणाली, पुढच्या रेघेवर उभी राहीन. मी म्हणालो, तिथे तू एकटीच असशील, सगळ्यांना दिसशील. ती म्हणाली, म्हणूनच.

नीट ऐकू यावे म्हणून म्हणत असेल.

बैलगाडी सकाळी सातला येईल. वाचन दहाला.